कोड म्हणजे महारोग नव्हे

उपवर मुलीच्या ओंठाजवळ पांढरा ठिपका दिसूं लागला कीं घरांतील वडीलधारी मंडळी दबक्या आवाजांत बोलूं लागतात. मुलीला चार पाहुण्यांत बसूं देत नाहींत, लग्नाची बोलणीं पुढें ढकलतात, आणि डॉक्टरांच्या आधीं जाहिरातींतलें मलम घरांत येतें. हें पुण्या-मुंबईस घडतें तसेंच वैरागसारख्या बाजारपेठेच्या गांवींही घडतें. तेथें सर्वच एकमेकांस ओळखत असल्यामुळें त्याचा जाच अधिक. म्हणून या महिन्यांत कोडाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आयुर्वेदांत कोडाला ‘श्वित्र’ असें नांव आहे; परंतु व्यवहारांत ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द रूढ झाला आणि त्यांतील ‘कुष्ठा’नें महारोगाचें सारें भय कोडावर लादलें. महारोग जंतूमुळें होतो. तो जंतु नॉर्वेंतील डॉ. हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं दाखवून दिला. महारोगाचा चट्टा फिकट वा तांबूस असतो आणि तेथील स्पर्शज्ञान बहुधा मंदावतें. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, पण पिसाचा स्पर्शही त्यास कळतो. कोडांत संसर्गाचा जंतु नाहीं. तेव्हां एका पंक्तीस जेवल्यानें किंवा एकमेकांचे कपडे वापरल्यानें तें लागण्याचा प्रश्नच नाहीं. महारोगालाही आतां वाळींत टाकण्याचें कारण उरलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं पुरस्कारिलेल्या संयुक्त औषधयोजनेनें तो बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत तीं औषधें मोफत मिळतात.

मग कोड होतें कशानें? त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशीं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. आपल्या शरीरांत टी-पेशी नांवाचे शिपाईही असतात. रोगानें ग्रासलेल्या पेशी ओळखून मारणें हें त्यांपैकीं कांहींचें काम. कोडांत हे शिपाई घरच्याच रंगपेशींना परके समजतात. हल्ला करतांना ते इंटरफेरॉन-गॅमा नांवाचें द्रव्य सोडतात. त्यासरशी शेजारच्या त्वचापेशी आणखी शिपायांना बोलावणारे रासायनिक निरोप धाडतात आणि डाग पसरतो. हल्ला ओसरल्यावरही कांहीं टी-पेशी त्याच जागीं ठाण मांडून राहतात. म्हणून उपचार थांबतांच डाग पुष्कळदां पूर्वीच्याच ठिकाणीं उमटतात. आंबट खाण्याला किंवा पूर्वजन्मींच्या पापाला दोष देण्यास यांत कोठेंच आधार नाहीं.

‘पण पुढच्या पिढींत उतरेल त्याचें काय?’ असें वरपक्ष विचारतो. आनुवंशिकतेचा अंश आहे, परंतु लोक समजतात तेवढा नव्हे. बीजानें एकरूप अशा जुळ्या भावंडांची एक पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एकास कोड असतां दुसऱ्यासही असण्याचें प्रमाण शेंकडा २३ आढळलें. इतर सख्ख्या भावंडांत तें शेंकडा सहाच्या आसपास होतें. ज्या घरांत मधुमेह असूनही सोयरिकी होतात, त्या घरानें कोडाचा बाऊ करावा हें न्यायाचें नव्हे.

उपचारांकडे वळूं. निरोपांची वरील सांखळी मध्येंच तोडणारें रक्सोलिटिनिब नांवाचें मलम अमेरिकेंत जुलै २०२२ मध्यें कोडासाठीं मान्य झालें. चोवीस आठवड्यांच्या चाचण्यांत दहांपैकीं सुमारें तिघांच्या चेहऱ्यावरील डाग तीनचतुर्थांश वा अधिक भरून आले. गुण खरा, पण जादू नव्हे. विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार त्याहून जुना असून आपल्याकडेही चालतो. नव्या रंगपेशी केसांच्या मुळांतून येतात; म्हणून चेहरा लवकर भरतो, आणि बोटांचीं टोंकें व ओंठ फार वेळ घेतात. बावचीचा लेप मात्र मनानें लावूं नये. तिच्यांतील सोरालेन द्रव्य त्वचेला उन्हाच्या बाबतींत इतकें हळवें करतें कीं भाजल्यासारखे फोड येतात.

लपवालपवीचें खरें नुकसान येथेंच होतें. डाग नवे व पसरते असतात तेव्हांच त्यांना आवरणें अधिक सोपें; आणि नेमके तेच महिने आपण कुजबुजण्यांत घालवितों. वैरागच्या कुटुंबास बार्शी दूर नाहीं. सोलापुरास तर डॉ. वैशंपायन स्मृति वैद्यकीय महाविद्यालयाचें सर्वोपचार रुग्णालय आहे. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावें, आणि कोडाबरोबर कंठस्थ ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, विकार कधीं कधीं आढळतो म्हणून तिचीही तपासणी करून घ्यावी.

उरतो तो घराचा प्रश्न. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं २००६ सालच्या ‘नितळ’ या बोलपटांत कोड असलेली एक डॉक्टर तरुणी सुशिक्षित कुटुंबापुढें उभी केली आणि त्या कुटुंबाचीच परीक्षा घेतली. तशी परीक्षा आपल्यापैकीं कोणावरही येऊं शकते. मुलीच्या वडिलांनीं डाग झांकून लग्न लावूं नये. आधीं स्पष्ट सांगावें. मुलाच्या आईनें तें ऐकून घ्यावें, शंका असल्यास डॉक्टरांस विचारावें, आणि मुलगी स्वभावानें व कर्तृत्वानें मनास आली असल्यास होकार द्यावा. आणि तोंवर घरच्या मुलीला पाहुण्यांत बसूं द्यावें, शाळेंत गाऊं द्यावें, सणावारीं पुढें होऊन हळदकुंकू लावूं द्यावें. तिला कोड झालें आहे. तिच्या हातून कांहींच वाईट घडलेलें नाहीं.