फुकटचे हात आणि वाफेचे इंजिन

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना रेल्वे नाही. पुणे-नाशिक मार्गाची आखणी मंचर-नारायणगावच्या बाजूने झाली होती. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला व्यत्यय येईल या कारणाने केंद्र सरकारने ती नाकारली. अशा प्रदेशात जुने वाफेचे इंजिन चालते करण्याची भाषा काढली की आपले कार्यकर्ते हसतात. भाकरीची भ्रांत असता अत्तर कशाला, असा त्यांचा सवाल. तो मला मान्य नाही. परंतु इंजिनप्रेमी मंडळी त्याला जे उत्तर देतात ते अधिकच अमान्य आहे. सरकारला खर्चच नाही, स्वयंसेवक फुकट राबतील, इंग्लंडकडे पाहा, असे ते म्हणतात.

तर इंग्लंडकडेच पाहू. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिची पहिली चार इंजिने जर्मनीत बनलेली. अवघड वळणांवर टोकाचे आस किंचित सरकावेत अशी त्यांची खास रचना होती. १९८२ पर्यंत त्यांनी घाट चढविला. त्यांतले ७४० क्रमांकाचे इंजिन लेटन बझर्ड येथील स्वयंसेवकांच्या रेल्वेकडे गेले आणि ते पुन्हा चालते करण्याचा उद्योग तेथे आरंभला गेला. या प्रथेचा आरंभ वेल्समधील टॅलिलिनचा; दगडाच्या खाणीसाठी बांधलेली ती रेल्वे १९५१ पासून हौशी लोकांनी चालविली.

हे स्वयंसेवक आले कोठून? आठवड्याच्या शेवटी सुटी, आजारात सरकारी दवाखाना, म्हातारपणी पेन्शन या गोष्टी ज्यांच्या पदरी होत्या त्यांतून. ही फुरसत मालकांनी दान दिलेली नाही, कामगार संघटनांनी ती झगडून मिळविली. अर्थशास्त्रात फुकट श्रम असा प्रकारच नाही. त्याची किंमत दुसरा कोणी तरी चुकती करीत असतो. (पुष्कळदा घरातली बाई, हे आपल्या श्रमदानाच्या शिबिरांनाही लागू आहे.)

आपल्याकडे त्याच वाफेच्या इंजिनावरच्या माणसाची स्थिती काय होती? भट्टीसमोर कोळसा ओढणाऱ्या फायरमनला पाळी केव्हा संपेल हे ठाऊक नसे. १९७३ साली इंजिन चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांनी संप केला तो पाळी दहा तासांवर आणण्यासाठी. मे १९७४ च्या देशव्यापी संपात आठ तासांची मागणी होती. तो चिरडला गेला. इंजिनाची आरती ओवाळणाऱ्या पुस्तिकांत या तासांचा उल्लेख सापडत नाही.

आणि वाफ आपल्या तालुक्यांना परकी आहे, असे कोणी समजू नये. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन्ही सहकारी साखर कारखाने वाफेवरच चालतात. बगॅस जाळून बॉयलर पेटविणारे, नळ्या साफ करणारे, गळती शोधणारे कामगार येथल्याच गावांतले आहेत. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये नळ्यांत पाणी व बाहेर आग असते, इंजिनात नळ्यांतून आगीचा झोत जातो व भोवती पाणी असते. फरक मोठा आहे. इंजिनाच्या अग्निपेटीचे शेकडो आधारबोल्ट तपासणे, नळ्या काढून पुन्हा बसविणे, नंतर थंड पाण्याने नेहमीच्याहून अधिक दाब देऊन बॉयलरची परीक्षा घेणे, हे शिकावे लागते. त्यात चूक झाली तर फुटलेला बॉयलर माणसे मारतो. आज ते शिकवू शकणारे जुने रेल्वे कामगार निवृत्त झाले आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून मागणी अशी हवी. देशात प्रदर्शनासाठी उभ्या असलेल्या इंजिनांपैकी एक रेल्वेने आपल्याच कारखान्यात, परळला किंवा कुर्डुवाडीला, घ्यावे. निवृत्त कारागिरांना मानधनावर बोलवावे. चाकणला कंत्राटावर राबणारी आमची आयटीआयची मुले आणि गाळप संपल्यावर मोकळे होणारे बॉयलर कामगार यांना पूर्ण वेतनावर उमेदवार म्हणून घ्यावे. मग रविवारी रंग द्यायला, पितळ घासायला, जुने नकाशे लावायला हौशी मंडळींनी खुशाल यावे, मीही येईन. परंतु हजेरीपटावर पहिले नाव पगारी फिटरचे असेल तरच. तसे नसेल, तर त्या योजनेला रेल्वे कामगारांच्या संघटनांनी आणि आपल्या तालुका समित्यांनी पहिल्याच बैठकीत विरोध नोंदवावा.