सुरक्षा कोणाची? सिंहासनाची की माणसाची?

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझिद येथे मोहम्मद बुआझिझी या २६ वर्षांच्या फळविक्रेत्याचा माल आणि तराजू अधिकाऱ्यांनी जप्त केला. दाद मागायला गेला, तर कुणी ऐकून घेतले नाही. त्याने सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. चार आठवड्यांत २३ वर्षांचा हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला!

अरब जगताच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या, विद्यापीठांत तोच विषय शिकवणाऱ्या विद्वानांना हे आधी का दिसले नाही? अमेरिकेतील प्राध्यापक ग्रेगरी गॉस यांनी २०११ मध्येच 'फॉरेन अफेअर्स'मध्ये लेख लिहून स्वतःसकट सगळ्यांची चूक कबूल केली. अभ्यासक राजवटी टिकतात कशा याच प्रश्नात गुंतले होते. लष्कर सत्ताधीशाची साथ सोडणार नाही, असे गृहीत धरून बसले होते. गॉस यांच्या प्रामाणिकपणाचा आदरच आहे. पण हा फक्त अंदाज चुकल्याचा मामला नाही. तुम्ही कुठे उभे राहून पाहता, हा खरा प्रश्न आहे. राजवाड्याच्या गच्चीवरून रणगाडे आणि तेलविहिरी दिसतात, हातगाडी दिसत नाही.

माहिती नव्हती, ही सबबही चालणार नाही. इजिप्तचे अभ्यासक बहगत कोरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच अरब सुरक्षेवर ग्रंथ संपादित करून सांगितले होते की सुरक्षा म्हणजे फक्त सैन्य नव्हे. २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अरब मानव विकास अहवालाचा तर विषयच मानवी सुरक्षा होता. भूक, बेकारी आणि खुद्द राज्यसंस्थेकडून नागरिकाला असणारा धोका, सगळे त्यात होते. ज्ञान होते, ते कपाटात होते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की विषमता वेळीच संपवली नाही, तर तिने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. जिथे लोकशाहीसुद्धा नाही, तिथे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आज कोकणातली, मराठवाड्यातली आपली मुले आखातात मालकाच्या मेहेरबानीवर राबतात. त्यांची सुरक्षा तुमच्या अभ्यासक्रमात कुठे आहे? प्राध्यापक महाशय, विषय शिकवा, जरूर शिकवा. पण गच्चीवरून खाली उतरून शिकवा.

जय भीम!