ट्रकमागे गाडी जोडण्याआधी

उन्हाळा सरत आला की अमेरिकेत आपल्या लोकांची बिऱ्हाडं हलतात. शाळा सुरू व्हायच्या आत कुणी न्यू जर्सीतून डॅलसला, कुणी शिकागोहून कॅलिफोर्नियाला. सामान भाड्याच्या ट्रकमध्ये भरायचं हे लवकर ठरतं, अडतं ते दारातल्या गाडीपाशी. मग कुणीतरी सांगतो, "अरे, ट्रकच्या मागे लाव की!" सांगणाऱ्याने ते स्वतः केलेलं असतंच असं नाही. आजवर मिनीव्हॅनपेक्षा मोठं काही न चालवलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिलं सांगणं हे, की घरात दोघं गाडी चालवत असतील तर ओढण्याच्या भानगडीत पडूच नका. एकाने ट्रक घ्यावा, दुसऱ्याने मुलांना घेऊन गाडी. ट्रकच्या केबिनला मागची सीट नसते, मुलांच्या सीटचा प्रश्नही त्यात सुटतो. २६ फुटी ट्रक आणि मागे गाडीचा ट्रेलर मिळून सगळं लटांबर पन्नास फुटांच्या घरात जातं. ते चालवायला रोजचं साधं लायसन्स पुरतं, आणि मला भीती वाटते ती याचीच. काउंटरवर सही केली की किल्ली हातात, सराव मात्र थेट हायवेवर.

न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियाकडून फ्लोरिडाला जाणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनहून ऑरलँडोजवळच्या सॅनफर्डला अ‍ॅमट्रॅकची ऑटो ट्रेन जाते. गाडी डब्यात आणि माणसं त्याच आगगाडीत. फार कुणाला हे आठवत नाही.

एकटेच आहात आणि ओढणं भाग आहे? मग टो डॉली घ्यायची की पूर्ण ट्रेलर, हा खरा निर्णय. डॉलीवर फक्त पुढची दोन चाकं चढतात, मागची दोन रस्त्यावर फिरत राहतात. डॉली स्वस्त पडते म्हणून हात तिच्याकडे जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती चालते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ड्राइव्हशाफ्ट सोडवावा लागतो. चारही चाकांना जोर देणारी सुबारू तर तशी ओढायचीच नाही, ट्रान्समिशनची वाट लागते. टेस्लाचीही चारही चाकं जमिनीवरून उचललेलीच हवीत. एकच मॉडेल पुढच्या चाकांवर आणि चारही चाकांवर चालणारं अशा दोन्ही प्रकारांत विकलं जातं, तेव्हा शेजाऱ्याने डॉलीवर नेली म्हणून आपलीही जाईल असं धरू नका. ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा आणि त्यातलं टोइंगचं पान वाचा. शिवाय गाडी चढवलेली डॉली मागे घेता येत नाही. चुकून बंद गल्लीत शिरलात तर गाडी उतरवून डॉली सोडवण्यावाचून गत्यंतर नाही.

माझं मत विचाराल तर वरचे पैसे द्या आणि चारही चाकं वर घेणारा ट्रेलर घ्या. गाडी पुढे तोंड करूनच चढवा. इंजिनाचं वजन ट्रकच्या बाजूला राहिलं की ट्रेलर ताळ्यावर राहतो. उलटी चढवली तर वजन मागे जातं आणि वेग वाढला की तो डोलायला लागतो. भाड्याने ट्रक-ट्रेलर देणाऱ्या यू-हॉलच्या अशा ट्रेलरची मर्यादा गाडीसकट ७,५०० पौंड आहे आणि त्यातले साधारण २,२०० पौंड ट्रेलरचेच. तेव्हा ट्रकमध्ये न मावलेले डबे, कुकर आणि पुस्तकांची खोकी गाडीत कोंबू नका. बुकिंग करताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष खरं सांगा, कारण काही गाड्या त्यावर नीट बसतच नाहीत. निघाल्यावर चार-पाच मैलांत थांबून पट्टे बघा, कारण चाकं थोडी सरकतात आणि पट्टे सैल पडतात. नंतर प्रत्येक थांब्यावर बघा.

वेग ताशी ५५ मैल. यू-हॉलचा हाच नियम आहे आणि कॅलिफोर्नियात तर मागे काहीही ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ही मर्यादा आहे. जीपीएस दाखवतं त्या वेळेत पोचण्याचा नाद सोडा आणि हॉटेल अलीकडच्या गावात घ्या. मागचा ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक मारायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. आय-८० वरचा डॉनर पास, टेनेसीतलं माँटईगल असे उतार वाटेत असतील तर उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

उंचीचं भान तर कुणालाच नसतं. यू-हॉलच्या २६ फुटी ट्रकला वर १२ फूट जागा लागते. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅममध्ये ११ फूट ८ इंच उंचीचा रेल्वेचा पूल होता. ट्रकांची छपरं सोलण्यासाठी तो इतका प्रसिद्ध झाला, की २०१९ मध्ये तो थोडा वर उचलावा लागला. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर दर सप्टेंबरच्या तोंडावर सामान हलवणाऱ्यांचे ट्रक अडकतातच. फोनमधला नकाशा तुम्हाला कारमध्येच बसलेलं समजतो, म्हणून न्यूयॉर्कचे पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे हाताने वगळा. त्या रस्त्यांवर ट्रकलाही बंदी आहे आणि ट्रेलरलाही.

विम्याबद्दल थोडक्यात. क्रेडिट कार्डाचं भाड्याच्या गाडीचं संरक्षण ट्रकला सहसा लागू नसतं. आपल्या गाडीची पॉलिसीही बरेचदा ट्रकपाशी हात वर करते. ट्रकच्या छपराला लागलेला मार आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान या दोन गोष्टी धरल्या आहेत का, हे सही करण्याआधी विचारा.

वाटेत गॅस भरायला मोठ्या ट्रक स्टॉपवरच जा. पंपावर जाण्याआधी आपला ट्रक डिझेलवर चालतो की गॅसवर, ते टाकीच्या झाकणावर वाचा. यू-हॉलचे गॅसवर चालतात, पेन्स्कीचे मोठे ट्रक डिझेलवर. रात्री असं पार्क करा की सकाळी सरळ पुढे निघता येईल. आणि नव्या गावी पोचल्यावर एवढं सगळं घेऊन अपार्टमेंटच्या आवारात शिरू नका, तिथे वळायला जागा नसते. ट्रेलर आधी वेगळा परत करता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच ठरवून ठेवा. म्हणजे भाड्याच्या कंपनीच्याच आवारात गाडी उतरवता येईल, ट्रेलर सोडता येईल आणि नुसता ट्रक घेऊन घरी जाता येईल. गाडी न्यायला मग कुणा मित्राला बोलवा. ट्रकमागे लाव म्हणणाऱ्यालाच बोलवलंत तरी चालेल.