विश्लेषण : पेट्रोल पंपासाठी सॉफ्टवेअर तयार घ्यावे की बनवून?

पंपाचा हिशेब किराणा दुकानासारखा नसतो. त्यामुळे बाजारातले तयार सॉफ्टवेअर घ्यावे की आपल्या गरजेप्रमाणे बनवून घ्यावे, हा प्रश्न पंपचालकांना पडतो. बहुतेकांसाठी उत्तर सरळ आहे: हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार घ्यावे आणि त्यात न बसणारे तेवढेच बनवून घ्यावे.

पंपाचा हिशेब वेगळा कसा?

16 जून 2017 पासून देशभर इंधनाचे दर रोज सकाळी 6 वाजता बदलू शकतात. रात्रीची शिफ्ट सहाच्या पुढे गेली, तर त्या वेळचे नोझल रीडिंग वेगळे नोंदवावे लागते. पेट्रोल-डिझेलवर व्हॅट आहे, तर त्याच काउंटरवर विकल्या जाणाऱ्या इंजिन ऑइलवर जीएसटी. शिवाय माल तापमानाप्रमाणे फुगतो आणि आक्रसतो. 12 हजार लिटर डिझेलचे तापमान 5 अंशांनी उतरले, तर सुमारे 50 लिटरचा फरक पडतो. ही घट आहे की चोरी, हे डिप आणि घनतेची नोंद रोज ठेवली तरच कळते.

तयार सॉफ्टवेअर कुठे पुरते?

खतावणी, बँक, जीएसटी विवरणपत्र ही कामे सगळ्या व्यवसायांत सारखीच असतात. नियम बदलला की कंपनी सर्व ग्राहकांसाठी एकदाच बदल करते. टॅलीसारखे सॉफ्टवेअर सीएच्या कार्यालयातही असते. शिफ्ट, डिप आणि उधारी सांभाळणारी खास पंपांसाठीची सॉफ्टवेअरही बाजारात मिळतात. एकाच पंपाच्या मालकाने हे सगळे नव्याने लिहून घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

मग बनवून कधी घ्यावे?

काही पंप मोबाइल बाउझरने कारखान्यांना आणि बांधकामाच्या जागी डिझेल पोहोचवतात. काही मालकांचे चार-पाच पंप असतात आणि ट्रान्सपोर्टवाल्याला सगळ्यांचे मिळून गाडीनिहाय एकच बिल हवे असते. उधारीची मर्यादा सर्व पंपांवर एकत्र दिसली नाही, तर एका पंपावर थकलेला ग्राहक दुसऱ्यावर टाकी भरून जातो. अशा ठिकाणी छोटा जोडभाग बनवून घेणे फायद्याचे ठरते. मात्र त्याची नोंद शेवटी तयार हिशेबातच उतरली पाहिजे.

खरा धोका कोणता?

किमतीपेक्षा परावलंबित्व महाग पडते. बाहेरच्या प्रोग्रामरकडून काम करून घेतले, तर पैसे पूर्ण देऊनही प्रोग्रामचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. तो हस्तांतरित करायचा तर लेखी करार लागतो. त्यामुळे सोर्स कोड, कॉपीराइट आणि दुरुस्तीची जबाबदारी या तिन्ही गोष्टी करारात हव्यात. तयार सॉफ्टवेअर घेतानाही वर्गणी थांबली तर जुनी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का, हे आधी विचारावे.

निर्णय कसा घ्यावा?

विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नये. जुनी वही आणि नवे सॉफ्टवेअर महिनाभर सोबत चालवावे. टाकीतला साठा, शिफ्टची रोकड आणि उधारीची बाकी रोज जुळली, तरच वही बंद करावी. जुळत नसेल, तर नेमकी कुठे अडते ते लिहून काढावे. बनवून घ्यायच्या कामाची यादी तीच.