नमुना ८ वर तिचे नाव हवे

माणगाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर कित्येक घरांचा कर्ता पुरुष मुंबई-ठाण्याला नोकरीत असतो, गणपती-शिमग्याला गावी येतो. भातलावणी, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, घरपट्टी भरणे, सगळे बाईच्या अंगावर. पावती मात्र फाटते नवऱ्याच्या नाहीतर केव्हाच वारलेल्या सासऱ्याच्या नावाने. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडातल्या घरांचे कौल-पत्रे उडाले. अशा वेळी पंचनामा होतो तो घरमालकाच्या नावाने. नोंदीत नाव नसलेल्या बाईने डोक्यावरचे छप्पर सावरायचे की वारसाचे कागद शोधायचे?

घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, हा शासनाचा निर्णय २००३ सालचा. त्यासाठी निधी लागत नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणीला आपण ग्रामपंचायतीची माणसे घरोघर जातोच. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तेव्हाच संमती घेऊन नमुना ८ (घरांच्या करआकारणीची नोंदवही) दुरुस्त करावा. माझ्या मते गावपातळीवर स्त्रीच्या हक्काचे याहून पक्के काम दुसरे नाही.

कागदावर धोरणे कमी नाहीत. महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण १९९४ चे, चौथे मार्च २०२४ चे. चौथे धोरण आले तेव्हा महिला व बालविकास खाते श्रीवर्धनच्या आमदार आदिती तटकरे यांच्याकडे होते आणि माणगाव तालुक्याचा काही भाग त्याच मतदारसंघात येतो. पंचायतींत निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांच्या आहेत. तरी विचखेड्याच्या (जि. जळगाव) सरपंच मनीषा पानपाटील यांना पद परत मिळवायला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. स्त्री सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले.

ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती अंगणवाडीतल्या सह्या गोळा करून उरकू नका. बायकांना शेतावरून परतता येईल अशी वेळ ठेवा, त्यांचे ठराव त्यांच्याच शब्दांत लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. स्वउत्पन्नातला महिला-बालकल्याणाचा १० टक्के निधी कशावर खर्चायचा, हेही तिथेच ठरू द्या. मार्चअखेरच्या घाईत नको. ग्रामसभेचा ठराव किती दूर जातो, हे हेरवाडने (जि. कोल्हापूर) दाखवले आहे. मे २०२२ मध्ये त्या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने राज्यभरच्या ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर संयुक्त घरनोंदीचा विषय घ्या, आणि किती घरांवर बाईचे नाव लागले ते आम्हाला जरूर कळवा.