कोऱ्या गोळीची बाजू

“अमक्याचं औषध घेतलं आणि गुण आला,” हे वाक्य बेळगाव-निपाणी बसमध्ये एकदा तरी कानावर पडतंच. गुण आला हे खोटं नसतं. पण औषध घेतलं नसतं तरी आला असता का? असं विचारलं की आपणच आगाऊ ठरतो!

आपल्याच जिल्ह्यात हा प्रश्न नीट विचारला गेलाय. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावानं बायका दगावतात. तो मिसोप्रोस्टॉलच्या गोळीनं टळतो का, हे इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत २००२ ते २००५ मध्ये तपासलं. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० जणी. ८१२ जणींना खरी गोळी, ८०८ जणींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. बाळंतिणीला ठाऊक नाही, सिस्टरलाही नाही.

सिस्टरपासून कशाला लपवायचं? कारण पूर्वग्रह म्हणजे लबाडीच असते असं नाही. अशक्त बाई दिसली की माणूस मायेनंच खरी गोळी तिच्या हातावर ठेवणार, आणि मग हिशोब चुकणार. रक्तही नुसत्या नजरेनं जोखलं नाही. खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजलं. कोऱ्या गोळीच्या गटात १२ टक्के जणींना अतिरक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात ६.४ टक्के.

म्हणजे खऱ्या गोळीच्या गटातही काहीजणींना त्रास झालाच, आणि कोऱ्या गोळीवर बहुतेकजणी सुखरूप राहिल्या. त्यातली कुणीही “मला गुण आला” म्हणाली असती की! दुसरा गट नसता तर तिचंच खरं मानावं लागलं असतं.

“मग त्या ८०८ जणींना फसवलं का?” मला तसं वाटत नाही. पण एक आक्षेप मला बोचतो: रक्तस्राव टाळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन तेव्हाही होतं. मात्र ते थंडाव्यात ठेवावं लागतं, टोचणारं माणूस लागतं. खेड्यातल्या घरच्या बाळंतपणात ते कुठलं? म्हणून इथं कोरी गोळी मला मान्य आहे. तेच इंजेक्शन सिस्टरच्या पिशवीत असतं, तर कोऱ्या गोळीला मी साफ विरोध केला असता, मग त्यातून विज्ञान कितीही पुढं जावो.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.