ग्रहावर सोडून आलो, मग पुढे?

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीने गोष्टींची मालिका लिहायला घेतली. वही गणिताची, अर्धी भरलेली. उरलेल्या पानांत तिने एक ग्रह वसवला आणि पृथ्वीवरचे सगळे खलनायक तिथे नेऊन सोडले. ‘शोले’तला गब्बर आहे, ‘मिस्टर इंडिया’तला मोगॅम्बो आहे, थॅनोस आहे, कंसमामाही आहे. प्रत्येक गोष्ट एकेकाची, पण ग्रह सगळ्यांचा एकच. म्हणजे पहिल्या गोष्टीत गब्बरने खडकामागे लपवलेली पाण्याची बाटली तिसऱ्या गोष्टीत मोगॅम्बोला सापडते. मला ही कल्पना फार आवडली.

चौथ्या गोष्टीपाशी मात्र गाडी अडली. पेनाचं टोपण चावत ती स्वयंपाकघरात आली.

“आजी, यांना सोडलं खरं, पण हे तिथे खाणार काय?”

मी चकल्या तळत होते. “अगं, खलनायकच ना ते? राहतील उपाशी,” असं म्हणून मोकळी झाले. तिला ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाही पटेना. कारण ‘खाणार काय’ हा प्रश्न साधा नाही. दुष्टांना दूरच्या ग्रहावर सोडण्याच्या गोष्टी जगात अनेकांनी लिहिल्या, आणि त्यातल्या चांगल्या गोष्टी याच प्रश्नापासून सुरू होतात. आज त्यांच्याबद्दलच बोलू या.

सगळ्यात गाजलेली गोष्ट ‘स्टार ट्रेक’मधली. १९६७ च्या फेब्रुवारीत अमेरिकन टीव्हीवर या मालिकेचा ‘स्पेस सीड’ नावाचा भाग दाखवला गेला. अंतराळात भरकटलेलं एक जुनं यान सापडतं. त्यात माणसं शतकानुशतकं गोठवलेल्या झोपेत आहेत. त्यांचा म्होरक्या जागा होतो. त्याचं नाव खान नूनियन सिंग. आपल्याला गंमत वाटेल, पण या भागात तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं सांगितलं आहे. भूमिका केली होती मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बान यांनी. खान सामान्य माणूस नाही. निवडक पैदाशीतून घडवलेला, ताकदीने आणि बुद्धीने सरस, कधीकाळी पृथ्वीच्या पाव भागाहून अधिकावर राज्य केलेला हुकूमशहा. जागा होताच तो एंटरप्राइझ यान बळकावायला बघतो आणि हरतो.

आता शिक्षा काय? कॅप्टन कर्क त्याला तुरुंगात पाठवत नाही. सेटी अल्फा तार्‍याचा पाचवा ग्रह राहण्याजोगा आहे, पण रानटी आहे. तिथे सत्तरहून अधिक साथीदारांसह जाऊन नवं जग उभं करायची संधी तो खानला देतो. खान ती आनंदाने घेतो. कर्कच्याच यानावरची एक इतिहासतज्ज्ञ त्याच्या प्रेमात पडलेली असते, तीही सोबत जाते. शेवटी मिस्टर स्पॉक म्हणतो, आज पेरलेल्या या बियाण्याचं शंभर वर्षांनी काय पीक आलं हे परत येऊन पाहायला मजा येईल. भाग संपतो. सगळे खूश.

पण परत कोणी गेलंच नाही.

पंधरा वर्षांनी, १९८२ मध्ये, ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट आला. निर्माते हार्व्ह बेनेट यांनी जुने सगळे भाग पाहिले आणि त्यांना या भागातलं न संपलेलं सूत्र सापडलं. खान तोच, नट तोच, पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला. चित्रपटात कळतं की, त्यांना सोडल्यावर सहाच महिन्यांत शेजारचा सहावा ग्रह फुटला. त्या धक्क्याने पाचव्याची कक्षा सरकली, हिरवळ गेली, उरलं वाळवंट. जिवंत राहिला तो एक किळसवाणा किडा, कानातून मेंदूकडे शिरणारा. त्याने खानची वीस माणसं मारली. त्यात त्याची बायकोही होती.

(विज्ञान म्हणून पाहाल, तर हे फारसं पटत नाही. ग्रहाला धरून ठेवतो तो तारा, शेजारी नव्हे. आपल्या सूर्यमालेत गुरू सर्वांत मोठा, तरी त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे हजाराव्या भागाएवढंच. शेजारी गेला म्हणून आपलं घर एवढं हलत नाही. पण गोष्टीपुरतं सोडून देऊ.)

खानचा खरा राग कशावर आहे? शिक्षेवर नाही. ती त्याने स्वतः पत्करली होती. राग यावर आहे की, आपण जगलो की मेलो हे बघायला कर्क एकदाही फिरकला नाही. एक अख्खा ग्रह फुटला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पंधरा वर्षांनी दुसरं एक यान तिथे उतरतं तेही चुकून, कारण त्यांना वाटतं हा सहावाच ग्रह आहे. पुढे खान सूड घ्यायला निघतो, निरपराध माणसांना मारतो आणि त्या लढाईत यान वाचवताना स्पॉकचा जीव जातो. खान दुष्टच आहे, त्याची बाजू घ्यायचं कारण नाही. पण कर्कची चूकही चूकच राहते.

अशा गोष्टी लिहिणारे सगळेच हा मुद्दा मनात धरून लिहितात असं नाही. काहींना सोडणाऱ्यापेक्षा सोडलेल्यांत रस असतो. सुपरमॅन-बॅटमॅनची पुस्तकं काढणाऱ्या डीसी कॉमिक्सने २००७ ते २००८ मध्ये ‘सॅल्व्हेशन रन’ नावाची सात अंकांची मालिका काढली. सरकार गुपचूप खलनायकांना पकडतं आणि दूरच्या ग्रहावर फेकून देतं. माझ्या नातीची कल्पना अगदी हीच! तिथे एक जण म्हणतो, झालं ते झालं, आपण सगळे मिळून नवा समाज उभारू. जोकर दगड उचलतो आणि त्याचं डोकं फोडतो. मग दोन गट पडतात, एक जोकरचा, एक लेक्स लूथरचा. लूथर हुशार. तो मोडक्यातोडक्या सामानातून घरी परतायचं यंत्र बनवतो. पण ते चालवायला ऊर्जा लागते, आणि ती तो आपल्याच काही साथीदारांना त्या यंत्राला जुंपून मिळवतो. बाकीचे निघून जातात, ते मागे राहतात. म्हणजे ग्रहावर फेकल्या गेलेल्यांनीही आपल्यातल्या काहींना फेकूनच दिलं.

आणखी एक कादंबरी सांगते. रॉबर्ट शेकली यांची ‘द स्टेटस सिव्हिलायझेशन’, १९६० ची. ओमेगा नावाचा ग्रह गुन्हेगारांसाठी राखलेला. नायक तिथे पोहोचतो तेव्हा त्याची आठवण पुसलेली असते. तू खुनी आहेस, एवढंच त्याला सांगितलं जातं. ओमेगावर सगळं उलटं आहे, चांगलं वागणं हाच गुन्हा, आणि खून करत करत माणूस वरच्या पायरीवर जातो. या माणसाला मात्र मारायचा हुरूप येईना! शेवटी तो पृथ्वीवर परततो, तेव्हा कळतं की तो खून त्याने केलेलाच नव्हता. मग त्याला पकडून दिलं कोणी? त्याने स्वतःच. पृथ्वीवर प्रत्येकाला लहानपणापासून, नकळत, स्वतःचीच चुगली करायला शिकवलेलं असतं. पुस्तक मिटल्यावर आपण विचारतो, मग तुरुंग नेमका कुठला, तो ग्रह की हा?

या सगळ्या गोष्टी हवेतून आलेल्या नाहीत, बरं का. खानच्या यानाचं नाव होतं ‘बॉटनी बे’. ऑस्ट्रेलियाचा तो किनारा, जिथे वसाहत करायची म्हणून इंग्रजांनी कैद्यांची जहाजं पाठवली. १७८८ च्या जानेवारीत अकरा जहाजं पोहोचली, त्यात सातशेहून अधिक कैदी होते. बरेचसे चोरीमारीचे गुन्हेगार. बॉटनी बे राहायला बरी नव्हती म्हणून ते जवळच गेले, आणि तिथे आजचं सिडनी उभं राहिलं. त्या वेळी लंडनहून पाहणाऱ्याला ऑस्ट्रेलिया दुसऱ्या ग्रहाएवढंच दूर होतं.

आपला दूरचा ग्रह म्हणजे अंदमान. १८५७ नंतर, १८५८ मध्ये, इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू केली. आजचं श्री विजय पुरम. त्यांच्या लेखी ते सगळे ‘बदमाश’. आपल्या लेखी त्यातले किती तरी देशभक्त, आणि सेल्युलर जेल आज राष्ट्रीय स्मारक. खलनायक कोण, हे सोडून येणारा ठरवतो आणि कधी कधी इतिहास तो निकाल फिरवतो. अर्थात तिथे खरेखुरे दरोडेखोर आणि खुनीही होतेच. पण या सगळ्यांतून पुढे काय उगवलं? वेगवेगळ्या प्रांतांचे, जातींचे, भाषांचे स्त्री-पुरुष कैदी एकमेकांशी लग्न करून तिथेच राहिले. त्यांची मुलंबाळं हिंदुस्थानी बोलू लागली. आजही तिथे त्यांच्या वंशजांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. स्पॉकने विचारलेल्या पिकाचं उत्तर बंगालच्या उपसागरात आहे.

हे सगळं मी नातीला दोन-तीन दिवसांत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. कर्क परत गेलाच नाही, हे ऐकून ती चिडली. “मग पाठवणाऱ्याने करायचं तरी काय?”

पाडवा होता. मला बळीराजा आठवला. बळी असुरांचा राजा, देवांच्या लेखी शत्रूच. वामनाने तीन पावलं मागितली आणि तिसऱ्या पावलाला त्याला पाताळात पाठवलं. आपण गोष्ट बहुधा इथेच संपवतो. पण भागवतात ती पुढे जाते. विष्णू स्वतः पाताळात बळीच्या दाराशी राखण करायला उभा राहतो. ज्याने पाठवलं, तोच दारात पहारा देतो. शिवाय बळीला वर्षातून एकदा घरी यायची मुभा आहे. केरळात ओणमला लोक त्याच्यासाठी दारात फुलं मांडतात. आपल्याकडे बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. हरलेल्याला पाठवून तर दिलं, पण विसरले नाहीत.

नातीने ऐकलं, आणि वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिच्या ग्रहावर एक खलनायक असा होता ज्याचं नाव कुठल्याच सिनेमात नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘एक मुलगा. कोणाशी बोलत नाही.’

मी लगेच ओळखलं. आमच्या बडोद्याच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या वर्गणीच्या डब्यातून पैसे गेले. बी विंगमधला एक मुलगा सापडला, दहा-अकरा वर्षांचा. पैसे परत मिळाले, आईवडिलांनी माफी मागितली, प्रकरण मिटलं. पण त्या दिवशी अंगणात उभं राहून, सगळ्या मुलांसमोर, “त्याच्याबरोबर खेळायचं नाही” असं म्हणणारी मी होते. रागात म्हटलं. पुढे मी विसरूनही गेले. मुलं विसरली नाहीत. मोठ्यांनी घातलेला नियम, कोणी उठवलाच नाही. दोन वर्षं तो मुलगा बी विंगच्या जिन्यावर बसून क्रिकेट बघतो. मी रोज दूध आणायला त्याच्यासमोरून जाते.

त्या संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन आम्ही दोघी बी विंगमध्ये गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काकू, तो खाली येत नाही हो आता,” ती म्हणाली. मी म्हटलं, “माहीत आहे. माझ्यामुळेच येत नाही. म्हणून मी वर आले.” तो आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मी त्याला माझी चूक झाली म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही. नातीने चकली पुढे केली. ती त्याने घेतली, पण खाल्ली नाही, हातात धरून उभा राहिला.

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तो खेळायला उतरला, असं सांगायला मला आवडलं असतं, पण नाही उतरला. दोन वर्षं एका ताटाने भरून निघत नाहीत. तिसऱ्या दिवशी नात पुन्हा वर गेली, या वेळी वही घेऊन. तिथे मी नव्हते, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वहीत मात्र पाचवी गोष्ट आली आहे, आणि अक्षर तिचं नाही. त्या गोष्टीत ग्रहावर पहिल्यांदा कोणी तरी बी पेरलं आहे. गब्बर पाणी घालतोय, कुरकुर करत.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या मुलांनाही हा खेळ देऊन बघा. एक ग्रह, चार-पाच खलनायक, आणि पहिला प्रश्न: हे खाणार काय? गोष्ट लिहून झाली की आम्हाला जरूर पाठवा. आणि कधी कोणाला असं दूर सोडून आला असाल, तर एकदा जाऊन बघून या.